छपरावरची वीज आणि गोव्याचा पावसाळा

गोव्याच्या भूमीत लोहखनिज आहे, मँगनीज आहे, बॉक्साइट आहे. कोळसा मात्र नाही. मोठे जलविद्युत केंद्रही या राज्यात नाही. त्यामुळे पेडण्यापासून काणकोणपर्यंत जे दिवे लागतात, त्यांना लागणारी वीज प्रामुख्याने राज्याबाहेरून आणावी लागते. छत्तीसगडमधील कोरबा, मध्य प्रदेशातील विंध्याचल, तेलंगणातील रामगुंडम अशा केंद्रीय औष्णिक केंद्रांत कोळसा जळतो आणि तेथे निर्माण झालेली वीज शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांवरून सह्याद्री ओलांडून गोव्यात उतरते. एक वाट कोल्हापूरकडून बार्देश तालुक्यात येते, दुसरी कर्नाटकातील आंबेवाडीहून फोंड्याकडे येते. दिवा येथे लागतो आणि त्याची राख तेथील गावांत साठते, ही गोष्ट बटण दाबताना सहसा कोणाच्या मनात येत नाही.

कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे वळण्याचा जो प्रयत्न देशभर चालू आहे, त्यात गोव्यासारख्या लहान राज्याला सर्वांत जवळची वाट छपरावरच्या सौर विजेची आहे. ही वाट सोपी आहे असे सांगितले जाते. ती उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु सोपी आहे असे म्हणणे ग्राहकाची दिशाभूल केल्यासारखे होईल. धोरण काय आहे, घरापर्यंत येताना त्यास कोणत्या अडचणी आडव्या येतात आणि त्यांतून मार्ग कसा काढता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

क्षमता आणि प्रत्यक्ष वीज

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे भरलेल्या हवामानविषयक जागतिक परिषदेत भारताने २०३० पर्यंत बिगर-खनिज इंधनावरील विद्युत्क्षमता ५०० गिगावॅट, म्हणजे ५ लाख मेगावॅट, करण्याचे आणि २०७० पर्यंत कर्बवायूंचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. जानेवारी २०२५ मध्ये देशाच्या सौरक्षमतेने १ लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षाच्या मध्यास देशाच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-खनिज इंधनावरची झाली.

हे आकडे वाचताना एक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. स्थापित क्षमता म्हणजे यंत्र जास्तीत जास्त किती वीज देऊ शकेल ते माप; प्रत्यक्षात किती युनिट हाती आले ते वेगळे माप. कोळशाचे केंद्र रात्रंदिवस चालू शकते. सौर यंत्रणा रात्री झोपते, सकाळ-संध्याकाळी मंद चालते आणि ढगाळ दिवशी अर्धवट चालते. एक किलोवॅटचे यंत्र चोवीस तास पूर्ण जोमाने चालले तर २४ युनिट देईल. छपरावरचा एक किलोवॅटचा सौर संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देतो, म्हणजे साधारण सहावा हिस्सा. क्षमतेत निम्मा वाटा बिगर-खनिज इंधनाचा झाला, तरी प्रत्यक्ष वापरातील बहुतांश वीज कोळशाचीच राहते, त्याचे एक मोठे कारण हे आहे. ज्यास हा भेद समजला त्यास पुढील बहुतेक अडचणींचे मूळही समजले, असे म्हणण्यास हरकत नाही.

छपरावर वीज कशी निर्माण होते

पाणी तापविण्याचा सौर बंब आणि वीज देणारे सौर पॅनेल या दोन भिन्न वस्तू आहेत. बंब उन्हाची उष्णता साठवितो. पॅनेल उन्हातील प्रकाशाचे विजेत रूपांतर करते. त्यास उष्णता उपकारक नाही, उलट बाधक आहे. पॅनेलचे तापमान जसजसे वाढते तसतशी त्याची वीज थोडीथोडी घटते. म्हणूनच पॅनेल छपराला घट्ट चिकटवून न बसविता खालून वारा खेळता राहील एवढे अंतर ठेवून बसवितात.

पॅनेलमधून निघणारी वीज एकदिश असते. घरातील दिवे, पंखे, मिक्सर हे प्रत्यावर्ती विजेवर चालतात. हे रूपांतर करणाऱ्या यंत्रास इन्व्हर्टर म्हणतात. इन्व्हर्टरमधून निघालेली वीज प्रथम घरात वापरली जाते. जी उरते ती मीटरमधून बाहेर वीज खात्याच्या तारेवर जाते. सूर्य मावळल्यावर नेहमीप्रमाणे तारेवरून वीज घरात येते. जाणारी आणि येणारी अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरला नेट मीटर म्हणतात. बिलाच्या कालावधीत घेतलेल्या युनिटांतून दिलेली युनिटे वजा होतात. शिल्लक राहिल्यास ती पुढील बिलात ओढली जाते आणि ठरलेल्या कालावधीच्या अखेरीस संयुक्त वीज नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणे तिचा हिशेब होतो. हा शेवटचा दर ग्राहक वीज खात्यास देतो त्या दराइतकाच असेल, असे गृहीत धरू नये. वीज विकून श्रीमंत होण्याची ही योजना नव्हे; स्वतःची गरज भागविण्याची आहे.

योजना आणि तिचा हिशेब

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर मोफत बिजली योजना’ सुरू केली. एक कोटी घरांवर सौर संच बसविणे हे तिचे उद्दिष्ट असून त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद व २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतचा कालावधी ठरविण्यात आला. या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटमागे ३०,००० रुपये व तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये केंद्रीय अनुदान ठेवले आहे. म्हणजे एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये. गृहनिर्माण संस्थांना सामायिक दिवे, पंप, उद्वाहक आदी सोयींसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळू शकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर साहित्यावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. अर्ज करण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेल्या अटी गोवा ऊर्जा विकास संस्थेकडे किंवा वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयात विचारून घ्याव्यात.

तीन किलोवॅटचा संच चांगल्या उन्हाच्या दिवशी १२ युनिटांच्या आसपास वीज देतो आणि वर्षभरात सुमारे ४,००० युनिट देऊ शकतो. येथे धोरणातील पहिली अडचण उभी राहते. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढत जातो. पहिल्या टप्प्यातील दर कमी असल्याने ज्या घरात दोन दिवे, एक पंखा व एक दूरदर्शन संच आहे, त्या घराचे बिल मुळातच थोडे असते. अशा घराने कर्ज काढून मोठा संच बसविल्यास त्याची भरपाई होण्यास फार वर्षे लागतील. ज्या घरात वातानुकूलन यंत्रे आहेत आणि बिल वरच्या टप्प्यात जाते, त्या घराची भरपाई लवकर होते. अनुदान सर्वांना सारखे असले तरी लाभ सारखा होत नाही. यास्तव आधी बारा महिन्यांची बिले समोर ठेवून सरासरी वापर काढावा आणि त्याप्रमाणे संचाचा आकार ठरवावा. शेजाऱ्याने पाच किलोवॅट बसविले म्हणून आपणही पाच बसवावेत, हा हिशेब नव्हे.

कौले, माड आणि पाऊस

संचाचे माहितीपत्रक सपाट, मोकळ्या गच्चीचे चित्र दाखविते. गोव्यातील घर त्या चित्रात बसत नाही. जुनी घरे मंगळुरी कौलांची, उतरत्या छपराची. एका किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते. ती दक्षिणेकडील उतारावर मिळाली तर उत्तम. पूर्व वा पश्चिम उतारावरही काम भागते, पण युनिटे कमी मिळतात. कौलांवर भार टाकता येत नाही. सांगाडा कौलांखालील वाशांना व भिंतींना बांधावा लागतो. वाशांना वाळवी लागली असेल, तर प्रथम सुताराला बोलवावे, नंतर सौर विक्रेत्याला. हे उलट क्रमाने केल्यास पहिल्याच पावसाळ्यात घर गळू लागते आणि दोष सौर ऊर्जेला दिला जातो.

दुसरी गोष्ट सावलीची. पॅनेलमधील घट एकामागून एक साखळीसारखे जोडलेले असतात. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर माडाच्या झावळीची सावली पडली तरी साखळीतील इतर पॅनेलांच्या विजेवरही परिणाम होतो. शिवाय माडाखाली पॅनेल असणे म्हणजे नारळ पडण्याची वाट पाहणे होय. तथापि छपरावर ऊन यावे म्हणून कुळागरातील झाडे तोडणे हा स्वच्छ ऊर्जेचा मार्ग होऊ शकत नाही. ज्या घरावर सावली दाट आहे, त्या घराने गोठ्याच्या, विहिरीजवळच्या किंवा अंगणातील मोकळ्या जागेचा विचार करावा. तेही शक्य नसेल, तर ते घर या योजनेस योग्य नाही हे मोकळेपणी मान्य करावे.

तिसरी गोष्ट पावसाची. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गोव्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. मार्चच्या तुलनेत जुलैची सौर वीज सुमारे निम्म्यावर येते. झडीच्या दिवसांत ती त्याहूनही खाली जाते. जुलैचे बिल पाहून संच बिघडल्याची तक्रार करणारे ग्राहक असतात. बहुधा बिघडलेले काहीच नसते, ढग तेवढे असतात. वर्षाचा हिशेब वर्षानेच करावा.

किनारपट्टीवर खाऱ्या वाऱ्याने लोखंड लवकर गंजते. तेथे सांगाडा अॅल्युमिनियमचा किंवा चांगला जस्तलेप दिलेल्या पोलादाचा असावा आणि नटबोल्ट न गंजणाऱ्या पोलादाचे असावेत. खनिजवाहतुकीच्या मार्गालगत तांबडी धूळ बसते. तेथे उन्हाळ्यात पॅनेले अधिक वेळा धुवावी लागतात. धुताना साधे पाणी व मऊ फडके वापरावे, वेळ सकाळची किंवा सूर्यास्तानंतरची असावी. भर उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये. मेघगर्जनेच्या या प्रदेशात तडितरक्षक आणि भूसंपर्क, म्हणजे ज्यास तारतंत्री अर्थिंग म्हणतो तो, यांवर खर्च वाचविणे धोक्याचे आहे.

वीज गेली की सौर वीजही का जाते

ग्राहकांची सर्वांत मोठी निराशा येथे होते. रखरखीत ऊन पडले आहे, छपरावर पॅनेले आहेत, आणि तरीही तारेवरची वीज गेली की घरातला पंखा थांबतो. विक्रेत्याने फसविले, असा समज होतो.

यामागे कारण आहे. वीज गेली की खात्याचा तारतंत्री खांबावर चढतो. त्या वेळी एखाद्या घरातील संच तारेवर वीज सोडत राहिला, तर मृत समजलेली तार जिवंत असेल आणि दुरुस्ती करणाऱ्याचा जीव जाईल. म्हणून तारेशी जोडलेल्या प्रत्येक इन्व्हर्टरमध्ये अशी रचना असते की बाहेरचा पुरवठा बंद होताच तो स्वतःला बंद करून घेतो. घरातील पंखा थांबतो तो बाहेरच्या माणसाच्या रक्षणासाठी. ज्यांना पुरवठा खंडित असतानाही वीज हवी आहे, त्यांनी विद्युत्घटमाला, म्हणजे बॅटरी, जोडलेला मिश्र पद्धतीचा संच घ्यावा. त्याचा खर्च अधिक असून बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. पहिल्या वादळात झाडाची फांदी पडून तार तुटते त्या गावात हा प्रश्न गौण नाही. म्हणून विक्रेत्याने हे आधी सांगावे आणि ग्राहकाने आधी विचारावे.

घर कोणाच्या नावे

तांत्रिक अडचणींहून कागदाच्या अडचणी कित्येकदा अवघड ठरतात. गोव्यातील अनेक घरांचे वीजजोड अद्याप आजोबांच्या किंवा त्यांच्याही वडिलांच्या नावावर आहेत. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या वारसाव्यवस्थेत पती-पत्नी व मुले यांचे हक्क निश्चित असतात, आणि वाटणीची प्रक्रिया पूर्ण न झालेल्या घरात एका छपराचे मालक दहाजण असू शकतात. त्यांपैकी काही मुंबईत, काही आखातात, काही लिस्बनमध्ये. अर्जदाराचे नाव, वीजबिलावरील नाव आणि बँक खात्यावरील नाव जुळले नाही की अर्ज अडतो. कर्ज हवे असल्यास बँक सहमालकांची संमती मागू शकते.

मुंडकारी घरांची अडचण निराळी आहे. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने मुंडकारास घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिले आणि घराची जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. तथापि ज्यांची खरेदीप्रक्रिया पूर्ण झालेली नाही, ते छपरावर पंचवीस वर्षे टिकणारी वस्तू बसविण्यास कचरतात. सदनिकांतील कुटुंबांना तर स्वतःचे छप्परच नसते. तेथे संस्थेने सामायिक सोयींसाठी संच बसविणे हाच आज सर्वांत सरळ मार्ग आहे.

या सर्वांवर एक साधा उपाय असा की, सौर अर्जाआधी वीजजोड हयात व्यक्तीच्या नावावर करून घ्यावा. ग्रामपंचायत आणि वीज खाते यांनी मिळून गावात नावबदलाची शिबिरे घेतल्यास अनेक अडलेले अर्ज मार्गी लागू शकतील.

खात्यापुढील प्रश्न

केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या संचास तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट राहिलेली नाही, आणि ५ किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी वितरणव्यवस्था बळकट करण्याचा खर्च वितरण संस्थेनेच करावयाचा आहे. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. खात्यावरील जबाबदारी मात्र तेवढीच वाढली आहे.

गावातील रोहित्र एकाच दिशेने वीज वाहून नेण्याच्या हिशेबाने बसविलेले असते. एकाच रोहित्रावरील बरीच घरे भर दुपारी वीज परत पाठवू लागली आणि त्या वेळी वापरणारे कोणी नसले, तर तारेवरील दाब वाढतो. तो मर्यादेबाहेर गेला की इन्व्हर्टर बंद पडू लागतात. म्हणजे ज्या वेळी ऊन सर्वाधिक असते, त्याच वेळी वीज वाया जाते. सायंकाळी याच्या उलट घडते. सूर्य मावळतो, घरोघरी दिवे, पंखे व वातानुकूलन यंत्रे सुरू होतात, हॉटेले उजळतात, आणि मागणी शिगेला पोचते. ही सायंकाळची मागणी छपरावरची वीज भागवू शकत नाही. ती आजही बाहेरच्या औष्णिक वा जलविद्युत केंद्रांनीच भागवावी लागते. मोठ्या प्रमाणावर विद्युत्संचय होईपर्यंत कोरब्याशी असलेले नाते तुटणार नाही, ते सैल होईल इतकेच.

तारांनाही जागा लागते

बाहेरून स्वच्छ वीज विकत आणावी, असे म्हटले तरी प्रश्न सुटत नाही. ती आणण्यास वाहिन्या लागतात आणि गोव्याच्या पूर्व सीमेवर वन आहे. धारवाडकडून शेळडे येथे येणाऱ्या ४०० किलोव्होल्ट वाहिनीचा मार्ग मोले येथील भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरातून आखला गेला, तेव्हा त्यास विरोध होऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाच्या केंद्रीय समितीने २०२१ मध्ये ही वाहिनी अस्तित्वात असलेल्या २२० किलोव्होल्ट वाहिनीच्याच पट्ट्यातून न्यावी अशी शिफारस केली व २०२२ मध्ये न्यायालयाने ती ग्राह्य धरली. यातून घ्यावयाचा बोध असा की, कोणतीही वीज पूर्णपणे निरुपद्रवी नसते. गावात निर्माण होऊन गावातच वापरले जाणारे प्रत्येक युनिट वाहिनीवरील भार थोडा हलका करते.

जुनी झालेली पॅनेले हाही उद्याचा प्रश्न आहे. पॅनेलांचे आयुष्य साधारण २५ वर्षांचे धरले जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलांचा समावेश झाला आहे. फुटलेले पॅनेल ओढ्यात किंवा सड्यावर टाकून देऊ नये, हे आतापासूनच लोकांच्या अंगवळणी पडले पाहिजे.

आरंभ कोठून करावा

सर्वांत स्वस्त वीज ही वाचविलेली वीज होय. छताचा साधारण पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. नव्या पद्धतीच्या मोटरचा पंखा सुमारे ३० वॅट घेतो. दिवसाला दहा तास चालणारे तीन पंखे बदलल्यास महिन्याला सुमारे ४० युनिट वाचतात. आधी वापर कमी करून मग संच घेतल्यास लहान संच पुरतो आणि कर्जही कमी लागते.

शिक्षकांना या कामी पुष्कळ करता येईल. विद्यार्थ्यांनी एक महिनाभर रोज सूर्योदयाच्या व सूर्यास्ताच्या वेळी घरच्या मीटरचा आकडा वहीत टिपला, तर आपल्या घरात दिवसा किती व रात्री किती वीज लागते हे कुटुंबाला प्रथमच कळेल. ही एक वही विक्रेत्याच्या दहा माहितीपत्रकांहून अधिक उपयोगी पडेल. शाळा, पंचायतघर, आरोग्य केंद्र यांचा वापर मुख्यतः दिवसाचा असतो. तेथे निर्माण होणारी वीज तेथेच खर्च होते. म्हणून गावातील पहिला संच अशा इमारतीवर असावा, हे तांत्रिकदृष्ट्याही योग्य ठरते. गावकऱ्यांना तो पाहता येईल, जुलैतला आणि मार्चमधला आकडा ताडून पाहता येईल आणि मगच स्वतःच्या छपराचा निर्णय घेता येईल.

पावसाळा सरला की छपराची डागडुजी करण्याची आपल्याकडे रीत आहे. कौले उतरवून वासे तपासण्याचा तोच काळ छपरावरच्या विजेचा विचार करण्यासही योग्य होय. वासे भक्कम आहेत काय, माडाची सावली कोठवर येते, वीजबिल कोणाच्या नावे येते आणि वर्षाला किती युनिटे लागतात, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या घराजवळ आहेत, त्या घराने अर्ज करावा. ज्या घराजवळ ती नाहीत, त्याने प्रथम ती शोधावीत. तोही या कार्याचा आरंभच होय.